कोंडिवट्याचें पडकें ख्रिस्तमंदिर

अँटॉप हिलच्या आम्हां मुलांना परळ म्हणजे अगदीं शेजार. तेथील हाफकिन संस्थेची इमारत बहुतेकांनीं बाहेरून पाहिली असेल. पण तिच्या पोटांत पोर्तुगीज काळचें एक प्रार्थनामंदिर सामावलेलें आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. त्या वास्तूंत पुढें मुंबईचे गव्हर्नर राहिले, आणि १८९९ सालीं डॉ. हाफकिन यांनीं प्लेगच्या लसीचें काम तेथें नेलें. वास्तु टिकली, कारण ती सतत कोणाच्या ना कोणाच्या उपयोगीं पडली.

अंधेरीकडील कोंडिवट्याच्या मंदिराचें दैव निराळें. संत योहान बाप्तिस्ता याच्या नांवाचें हें मंदिर जेझुइट पाद्र्यांनीं १५७९ सालीं बांधलें. अडीचशें वर्षांहून अधिक काळ आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मे व लग्नें तेथें लागलीं. १८४० सालीं सांथ आली, लोक मरोळास गेले, आणि जातांना बाप्तिस्म्याचें कुंड व वेद्याहि घेऊन गेले. मागें राहिल्या त्या भिंती. १९७३ सालीं भोंवतीं सीप्झची निर्यात-वसाहत वसली व मंदिर तिच्या कुंपणाआड गेलें. आज त्यावर छप्पर नाहीं. वर्षांतून एकदां, मे महिन्यांतील सणाला, भाविकांना आंत जाऊन मिस्सा करतां येतो.

कोणी म्हणतात, नवें छप्पर घालून मंदिर पुन्हां उभारावें. कोणी म्हणतात, चार पडक्या भिंतींसाठीं एवढी जागा कशाला अडवावी? मला दोन्ही मतें पटत नाहींत. उपासनेसाठीं मरोळास मंदिर आहेच. एक सबंध गांव भयानें कसें उठून गेलें, हें त्या उघड्या भिंती पाहून जसें कळतें, तसें नव्या छपराखालीं कळणार नाहीं. भिंतींत रुजलेलीं झाडें काळजीपूर्वक काढावीं, भेगा सिमेंटानें न बुजवितां चुन्यानें भराव्या, एवढेंच पुरे.

मात्र दार अधिक वेळां उघडावें. वसाहतींत निर्यातीचा माल असतो, म्हणून पहारा हवा, हें खरें. परंतु महिन्यांतून एक रविवार, फाटकापासून मंदिरापर्यंत कुंपण घातलेल्या वाटेनें लोकांना जाऊं देणें कांहीं अशक्य नाहीं. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांचीं लग्नें तेथें लागलीं, त्यांनीं वर्षाचे बाकीचे दिवस परवानगी मागत कां बसावें? त्या जागीं भुतें नांदतात, अशाहि कंड्या पिकतात. मला वाटतें, तीं भुतें बंद फाटकानेंच जन्मास घातलीं असावींत.