दुर्बिणीची रायफल, खोटे ठसे आणि न वाचलेली अक्षरे

#इतिहास #धागा

१/ अमेरिकेतील एखाद्या शस्त्रसंग्राहकाच्या खणात ७.६२ मिमी काडतुसाची रिकामी पुंगळी असते. तिच्या बुडावर ‘ओ एफ व्ही’ ही तीन रोमन अक्षरे आणि निर्मितीचे साल. संग्राहक ती क्षणात वाचतो : भारत, ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव. बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे येथील तरुणाला हेच वरणगाव शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील नोकरभरतीचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. तिथल्या काडतुसाच्या बुडावर काय लिहिलेले असते, हे मात्र त्याला कोणीच सांगितलेले नसते.

२/ त्याच तरुणाला दुसऱ्या महायुद्धातील स्नायपर रायफलींची नावे तोंडपाठ असतात. कोणत्या नेमबाजाने किती माणसे टिपली, कोणती दुर्बीण किती पट मोठे दाखवी, हे सारे खेळांतून, चित्रपटांतून आणि चकचकीत चित्रफितींतून त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. त्या चित्रफितींतील पुष्कळशा ‘अस्सल’ रायफली नव्याने जुळवलेल्या असतात. या धाग्याचा आक्षेप त्यांवर आहे. जुन्या युद्धशस्त्राचे ऐतिहासिक मोल त्याच्या नेमात नसते, ते त्याच्यावरील ठशांत असते. ते ठसे पुसणारी किंवा नकली उमटवणारी प्रतिकृती म्हणजे बनावट दस्तऐवज होय.

३/ ‘नंबर ४ मार्क १ (टी)’ ही ब्रिटिश स्नायपर रायफल उदाहरणादाखल घ्यावी. कारखान्यात तयार झालेल्या सामान्य ली-एनफील्ड रायफलींपैकी चाचणीत अचूक ठरलेल्या निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीकडे पाठवल्या जात. १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत या पेढीने अशा सुमारे २६,००० रायफलींवर दुर्बिणी बसवल्या. दुर्बीण ‘नंबर ३२’, साडेतीन पट, मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. निवडलेल्या रायफलीवर ‘टी’, ‘टी आर’ आणि पेढीचा संकेत ‘एस ५१’. रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या बैठकीवर, तर दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर लाकडात ठोकलेला. या दोघी एकमेकींसाठीच जुळवलेल्या असत. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवली की नेम बिघडे. म्हणून क्रमांकांची ही जोडी म्हणजे त्या रायफलीचा जन्मदाखलाच. एखाद्या बखरीची अस्सल प्रत ठरवताना अभ्यासक कागद, शाई आणि हस्ताक्षर पाहतो, तसेच हे पाहणे आहे.

४/ युद्धानंतर या जोड्या फुटल्या. दुर्बिणी एकीकडे विकल्या गेल्या, रायफली दुसरीकडे. पुढे संग्राहकांची हाव वाढली आणि (टी) रायफलीची किंमत साध्या रायफलीच्या कित्येक पट झाली. मग साधी रायफल घ्यायची, नव्याने घडवलेली बैठक बसवायची, कोणतीही दुर्बीण लावायची आणि जिथे जे अक्षर असायला हवे तिथे ते ठोकायचे, असा उद्योग सुरू झाला. अमेरिकी ‘एम १९०३ ए ४’चेही तेच झाले. या रायफलीवर दुर्बिणीची बैठक मधोमध येत असल्याने कारखान्याने माथ्यावरची अक्षरे दोन बाजूंना सरकवली होती. साध्या ‘ए ३’वर ती मधोमध असतात. नकली रायफल ओळखायला एवढी एक खूण पुरते, तरी फसणारे फसतातच. सोव्हिएत मोसिन-नगांतची गंमत निराळी : युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रशाळांनी अनेक स्नायपर रायफलींची बैठकीची भोके बुजवून त्या साध्या सैनिकांना दिल्या आणि नंतरच्या व्यापाऱ्यांनी तीच भोके पुन्हा मोकळी केली. आता त्या रायफलीला खरी म्हणावे की खोटी, यावर संग्राहक तासन्‌तास भांडतात. भांडोत बापडे. निदान ते ठशांवरून तरी भांडतात.

५/ ठसा हा केवळ किमतीचा प्रश्न असता तर त्यासाठी एवढी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. जर्मन माउझर ‘कार ९८ के’ रायफलींवर कारखान्याचे नाव नसे, सांकेतिक अक्षरे असत. ‘बी वाय एफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना. ‘बी एन झेड’ म्हणजे ऑस्ट्रियातील श्टायर. संग्राहक ज्यांच्यावर जीव टाकतात अशा उंच बैठकीच्या कित्येक स्नायपर रायफली याच ‘बी एन झेड’ शिक्क्याच्या आहेत. आणि याच श्टायर कंपनीसाठी माउटहाउझेनच्या छळछावणीतील व तिच्या गुझेन या उपछावणीतील कैदी राबवले जात होते. गुझेनमध्ये रायफलींचे भाग बनत. त्या तीन अक्षरांमागे अशी माणसे उभी आहेत. आज कोणी हौशी कारागीर नव्या पोलादावर तीच अक्षरे नक्षी म्हणून कोरतो आणि खाली ‘हुबेहूब’ असे लिहितो. काय हुबेहूब?

६/ या सगळ्या हौसेत बंदुकीच्या नळीसमोर कोण उभे होते, हा प्रश्न कधीच येत नाही. मराठी वाचकाने तो विचारलाच पाहिजे, कारण मराठी इतिहासात स्नायपर रायफल पहिल्यांदा भेटते ती मारणारी म्हणून. १९१५-१६ च्या कुतच्या वेढ्यात पूना डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. टायग्रिसचे पाणी भरायला काठावर जाणाऱ्यांवर पलीकडून नेम धरलेला असे. पखाल घेऊन निघालेला भिस्ती हे त्या नेमाचे नेहमीचे लक्ष्य. पुढे १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतील सारे ठार किंवा जखमी झाले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण एकटा ठाण्यावर धावून गेला. हातबॉम्बने त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि गोळ्या भरायला उसंत नाही हे पाहून उरलेल्या दोघांना शस्त्राच्याच फटक्यांनी लोळवले. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच शत्रूच्या स्नायपरांनी त्याला टिपले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. देहाची ज्ञात कबर नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

७/ इटलीच्या आघाडीवरून आलेल्या एखाद्या जर्मन स्नायपर रायफलीची लिलावातील नोंद वाचून पाहावी. दुर्बिणीची भिंगे स्वच्छ, लाकडावर किरकोळ चरे, जोडी जुळलेली. घाडग्यांसारख्याला त्या नोंदीत ओळभरही जागा नसते. प्रतिकृती तर त्याहून पुढे जाते : तिला चरेही नव्याने पाडलेले असतात.

८/ यावर एक उत्तर हमखास येते : प्रतिकृतीमुळेच तर शस्त्र हातात घेऊन शिकता येते, अस्सल वस्तू काचेआडच राहणार. हे उत्तर खोटे नाही. युद्धप्रसंगाच्या पुनर्निर्मितीला, चित्रपटाला, अंध विद्यार्थ्याला स्पर्शाने समजावून देण्याला प्रतिकृती हवीच. आक्षेप तिच्या असण्यावर नाही, तिच्या वेशांतरावर आहे. घडवणाऱ्याने स्वतःचे नाव आणि घडवल्याचे साल न पुसता येईल असे कोरावे, जुना संकेत कोरू नये. एवढे केले की वाद संपला. पण एवढे केले की किंमतही उतरते, आणि अडचण तिथेच आहे.

९/ भारतात हा छंद बहुतेकांना वर्ज्यच आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयाला परवान्याच्या दाराशी उभे केले आणि शस्त्रसंग्रह हा संस्थानिकांचा मक्ता झाला. १९५९ च्या कायद्याच्या चौकटीत .३०३ हा बोअर सामान्य नागरिकाला बंद राहिला, त्याच धर्तीची.३१५ स्पोर्टिंग रायफल इशापूरच्या कारखान्याने शिकाऱ्यांना दिली ती याच कारणाने. २०१९ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान सात, कमाल चौदा वर्षे केली. तेव्हा परदेशी चित्रफीत पाहून कोणी वर्कशॉपमध्ये लेथवर नळी घेऊ पाहील, तर तिला इथे प्रतिकृती म्हणत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या जिल्ह्यांत त्या वस्तूला गावठी कट्टा म्हणतात आणि तिची बातमी छापून येते ती गुन्हेवार्तेच्या पानावर.

१०/ रायफल बाळगता येत नाही, म्हणून तिचा इतिहासही परक्यांनीच लिहावा, असे कुठे ठरले आहे? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’, साल आणि रोमन सात. हा रोमन सात म्हणजे १९१० पासून चाललेली ‘मार्क ७’ गोळी : १७४ ग्रेन वजनाची, टोकाशी हलके अॅल्युमिनियम, मागे जड शिसे. अंगुळभरही नसलेल्या वर्तुळात खडकी, साल आणि गोळीची जात, सारे मावलेले. परदेशी संग्राहक ते वाचतात आणि खडकीचा माल भरवशाचा नाही असा शेराही मारतात. वरणगावच्या मालाविषयीही अमेरिकी नेमबाजांचे मत फारसे बरे नाही. ही मते योग्य की अयोग्य, हे तपासण्याइतकी मराठी अभ्यासाची तयारी नसावी, याची लाज वाटायला हवी.

११/ ठसा न वाचण्याचा भुर्दंड कसा पडतो, तेही पाहण्याजोगे आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने जुन्या ली-एनफील्डच्या धर्तीवर ७.६२ मिमीची ‘२ए’ आणि मागोमाग ‘२ए१’ ही रायफल घडवली. ती पुढे अमेरिकेत पोहोचली, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी तिची नळी कापून, तोंडाशी कर्णा बसवून ती ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकली. खरी जंगल कार्बाइन ही १९४४ ची, ब्रिटिश घडणीची आणि .३०३ ची. भारताच्या स्वतंत्र शस्त्रनिर्मितीचा एक दस्तऐवज कापून दुसऱ्याच युद्धाची खोटी आठवण तयार झाली, आणि इथे कोणाला त्याचा पत्ताही नव्हता.

१२/ घरचे उदाहरण टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे ‘शिवकालीन’ या शब्दाला फार वजन आहे. म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. गावोगावच्या शस्त्रप्रदर्शनांत टोपीची बंदूक ‘शिवकालीन’ चिठ्ठीखाली मांडलेली दिसते. आघाताने पेटणाऱ्या दारूचे पहिले पेटंट १८०७ चे आणि तांब्याची टोपी त्याहून नंतरची. शिवकाळ तोड्याच्या बंदुकीचा. चिठ्ठी लिहिणाऱ्याची भक्ती खरी असेलही, चिठ्ठी खोटीच. (टी) रायफलीवर नकली ‘एस ५१’ ठोकणारा लंडनचा व्यापारी आणि हा चिठ्ठीवाला यांत फरक एवढाच की व्यापाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असते.

१३/ दरम्यान, वाचण्याजोगे खरे ठसे डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत. थ्री-नॉट-थ्री ही महाराष्ट्र पोलिसांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोबतीण. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर शिपायांच्या हाती तीच होती. नंतर ती टप्प्याटप्प्याने मागे पडली आणि निकामी ठरलेल्या रायफली मोडीत निघतात. मोडीत निघण्यास हरकत नाही. रायफल साठवून ठेवणे धोक्याचेच असते. पण भट्टीत जाण्यापूर्वी प्रत्येकीच्या अंगावरील कारखाना, साल, क्रमांक, दुरुस्तीचे शिक्के आणि दस्त्यावरील खुणा यांचे एक छायाचित्र व एक नोंद, एवढे काम जिल्हा पोलीस मुख्यालय आणि विद्यापीठाचा इतिहास विभाग मिळून करू शकतात. त्याला परवाना लागत नाही आणि खर्चही छायाचित्रापुरताच. बुलढाण्यापासून आरंभ करायला काय हरकत आहे? आणि संग्रहालयांनी आपल्या बंदुकीखालची ‘जुनी रायफल’ ही चिठ्ठी काढून तिच्या जागी बंदुकीवर जे कोरलेले आहे ते जसेच्या तसे, देवनागरीत, लिहावे.