पिपाणीची बाजू

"मामा, हे काय टिंवटिंव वाजतंय?"

दिवाळीला पुण्याहून आलेल्या भाच्याचा हा प्रश्न ऐकून माझी चकली हातातच राहिली. मी नुकताच माळ्यावरचा व्हिडिओ गेम काढून जुन्या टीव्हीला जोडला होता. 1993 साली नगरमध्ये वडिलांनी बोनसच्या पैशांतून घेतलेला. कॅसेटवर 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार खेळ' असं छापलेलं. आत मोजून सहा निघाले. त्यातला एक मारिओ, म्हणून वडिलांना माफ केलं.

टिंवटिंव म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की आधी वाजंत्री मोजा! जपानात 1983 साली आलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल. त्यात वाजवणारे पाच. दोघं चाल वाजवतात, तिसरा खर्ज धरतो, चौथा नुसती खरखर करतो, तोच ताशा. पाचवा मुद्रित आवाजाचे तुकडे वाजवणारा. त्याला मारिओत कामच नाही. बरं, मारिओनं नाणं उचललं, की चालवाल्यांपैकी एकजण वाजवणं टाकून 'टिंग' करायला धावतो. आमच्या नगरच्या वरातीत क्लॅरोनेटवाला दहाची नोट घ्यायला वळतो ना, अगदी तस्सं! तरी वरात थांबत नाही.

कोजी कोंदो या माणसानं 1985 साली एवढ्या फौजेवर चाल बांधली. अख्खा खेळ 40 किलोबाइटचा. सकाळी मोबाइलवर येणारा सुप्रभातचा गुलाबसुद्धा याहून जड असतो. आणि 2023 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत हीच चाल घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. आता बोला!

भाचा बोललाच. "पण मामा, तुमचं यंत्र नकली. मूळ आवाज असा नाहीच." त्यानं मोबाइलवर पुरावा ऐकवला. कार्टं खरं बोलत होतं. अशा बऱ्याच नकली यंत्रांत चालवाल्यांच्या लाटांचं पाव आणि अर्धं माप उलटसुलट झालेलं असतं. सूर तोच राहतो, आवाजाची जात बदलते.

असेल. पण आमच्या वडिलांनी तो खेळ कधी हातात धरला नाही, तरी दाढी करताना त्यांची शीळ ह्याच चालीवर असायची. ते जाऊन बारा वर्षं झाली. आता मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, हे मला जपानी कारखान्यानं सांगायचं?

मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या नव्या खेळात शंभर व्हायोलिनं आहेत ना? त्यातली एक चाल गुणगुणून दाखव."

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "मामा, ते तसं नसतं. ते एकूण असतं."

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून शीळ ऐकू आली. चाल एकूण नव्हती. मारिओची होती.