दुकानाचा उजेड आणि घरचा टीव्ही



गेल्या अंकात बँक खात्यातील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. या वेळचा विषय निराळा आहे. परंतु हिशेबाची शिस्त त्यालाही लागू पडते.

आमच्या आईने १९९६ साली वर्षीतप पूर्ण केले. अक्षय तृतीयेच्या पारण्याची व्हीएचएस कॅसेट कपाटात पडून होती. यंदा मुलाने ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली. जाम येथील आमच्या घरी नवा ४के टीव्ही आहे. त्याला जोडलेल्या बॉक्समधून ती लावली आणि सारेच हिरमुसले. तपाने कृश झालेली आई स्थूल दिसत होती, चेहरे मेणाचे वाटत होते, पांढरी साडी निळसर आणि उसाचा रस भडक हिरवा. ‘कॅसेटच खराब झाली, आता ठेवून काय करायची?’ असे कोणीतरी म्हणाले. आई आज हयात नाही. ते वाक्य मनाला लागले.

दुसऱ्या दिवशी रिमोट घेऊन बसलो. दोन तासांनी लक्षात आले की, दोष बहुतांशी कॅसेटचा नव्हता. टीव्हीच्या मांडणीचा होता.

आपल्यापैकी अनेकांचा कापडाचा व्यवसाय आहे. जाणते गिऱ्हाईक दुकानातील झगमगाटात साडीचा रंग ठरवीत नाही. ती दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते. टीव्हीचेही तसेच आहे. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ हा पिक्चर मोड शोरूममध्ये शेजारच्या टीव्हीहून उठून दिसण्यासाठी असतो. घरात तो डोळ्यांना खुपतो आणि वीजही अधिक खातो. त्याऐवजी ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडावा. रंगछटा ‘वॉर्म’ ठेवावी. चित्रीकरणाच्या जगात पांढऱ्या रंगाचे प्रमाण सुमारे ६५०० केल्विन, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडाइतके मानले जाते. पहिल्या दिवशी चित्र पिवळसर भासेल. दोन-तीन दिवसांत नजर सरावते. आमच्या आईची साडी याच बदलाने पुन्हा पांढरी झाली.

आता स्थूलपणाविषयी. जुन्या चित्रणाची चौकट ४:३ असते, आजच्या टीव्हीची १६:९. जुने चित्र ताणून पडदा भरला की प्रत्येक माणूस एक-तृतीयांश अधिक रुंद होतो. ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ असा ताणून पाहणे हा त्या चित्रपटावरही अन्यायच. म्हणून चौकट ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवावी. ही निवड कधी टीव्हीत असते, तर कधी बॉक्सवरील व्हिडिओ प्लेअरमध्ये. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्याव्यात.

मेणाचे चेहरे कशामुळे? जुन्या चित्राच्या ५७६ ओळी. ४के पडद्याच्या २१६०. ही तूट भरून काढताना टीव्ही खरखर पुसतो, त्याबरोबर त्वचेवरील सुरकुत्याही पुसतो. मग ‘शार्पनेस’ वाढवून कडांना कृत्रिम रेघा देतो. ‘नॉइज रिडक्शन’ बंद आणि शार्पनेस अगदी कमी ठेवल्यावर चित्र थोडे मऊ झाले, पण चेहरे माणसांचे झाले. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेले असतात. ‘मोशन स्मूदिंग’ मधली चित्रे स्वतः रचते आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. तेही बंद करावे. क्रिकेटसाठी थोडे ठेवले तर हरकत नाही.

येथे बॉक्सचा प्रश्न येतो. एकच नोंद दोन ठिकाणी झाली की ताळेबंद जुळत नाही. बॉक्सने चित्र पाठवावे, टीव्हीने दाखवावे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘मूळ चित्राप्रमाणे’ अशा अर्थाचा पर्याय असल्यास तो एचडीआर आणि फ्रेम रेट या दोहोंसाठी निवडावा. एचडीआर कायम चालू राहिले तर साधे चित्रही बॉक्स त्यात बदलून पाठवतो आणि रंग बिघडू शकतात. आपले जुने चित्रण सेकंदाला २५ चित्रांचे. बॉक्सने ते सदैव ६० हर्ट्झवर पाठवले की कॅमेरा फिरताना हिसके जाणवतात. आणखी एक सूचना : अनेक टीव्हींत प्रत्येक एचडीएमआय जोडणीची आणि एचडीआरची मांडणी स्वतंत्र असते. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे लागू झाला असे गृहीत धरू नये. मी सारे आकडे डायरीत लिहून ठेवले आहेत, कारण मुलांच्या हातून ते केव्हा बदलतील याचा भरवसा नाही.

त्या रात्री चित्रण पुन्हा लावले. नातवाने विचारले, ‘पणजी एवढी बारीक होती?’ मी म्हटले, ‘हो, वर्षभराचे तप होते.’ आत्या काही बोलल्या नाहीत. पडद्यावर आईने ओंजळ पुढे केली तेव्हा त्यांनी हात जोडले.

आपल्याही घरी दीक्षा, पारणे, विवाह यांच्या कॅसेट असतील. विदर्भाच्या पावसाळी दमटपणात फितीला बुरशी लागते. म्हणून त्या लवकर उतरवून घ्याव्यात आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. आणि चित्र खराब दिसले, तर कॅसेट टाकण्यापूर्वी किंवा नवा टीव्ही घेण्यापूर्वी एक संध्याकाळ रिमोटसाठी काढावी. खर्च काही नाही.

जय जिनेंद्र.