फाईल तुमची, पण आहे कुठे? प्रवासात लॅपटॉप नेणाऱ्यांनी २०२५ च्या तीन बातम्या का समजून घ्याव्यात

२०२५ मध्ये लॅपटॉपवाल्यांसाठी तीन बातम्या आल्या. तिन्ही वेगवेगळ्या वाटल्या, म्हणून बहुतेकांनी वाचून सोडून दिल्या. पण एकत्र ठेवून बघितल्या तर त्यांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे: तुमचं सॉफ्टवेअर आणि तुमच्या फाईल्स खरंच तुमच्याजवळ आहेत का?

पहिली बातमी जुलै-ऑगस्टची. विनरार या झिप-रार फाईल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठं भगदाड सापडलं. ३० जुलै २०२५ ला ७.१३ ही सुधारित आवृत्ती आली, पण त्याआधीच हॅकर्स नोकरीच्या अर्जासारख्या दिसणाऱ्या फाईल्स पाठवून या त्रुटीचा वापर करत होते.

दुसरी ऑगस्टअखेरची. मायक्रोसॉफ्टने सांगितलं की विंडोजवरच्या वर्डमध्ये नवीन फाईल आपोआप क्लाऊडवर सेव्ह होईल. सुरुवात इनसायडर म्हणजे चाचणी घेणाऱ्या वापरकर्त्यांपासून झाली.

तिसरी सगळ्यांना माहीत असलेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट हवे असतील तर तीन पर्याय दिले गेले: ३० डॉलर भरा, रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्या, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप वनड्राईव्हवर चालू करा. युरोपातल्या वापरकर्त्यांसाठी ही बॅकअपची अट नंतर काढली, आपल्याकडे मात्र राहिली.

आता हे सगळं प्रवासाच्या बाजूने बघू. कारण घरी वायफाय असताना फाईल क्लाऊडवर आहे की लॅपटॉपवर, याने काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो एसटीत, रेल्वेत किंवा गावाकडे, जिथे नेटवर्कचा एक दांडा येतो आणि जातो.

दिसते, पण नाही

कोकण रेल्वेने कधी गेला असाल तर माहीत असेल. या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. बोगद्याबाहेरही अनेक ठिकाणी नेट धड चालत नाही. समजा तिथे तुम्ही प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन उघडायला गेलात. फोल्डरमध्ये फाईलचं नाव दिसतंय, साईझ दिसतेय, पण क्लिक केलं की एरर.

याचं कारण वनड्राईव्हचं 'फाईल्स ऑन डिमांड' हे फीचर. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून काही फाईल्सचं फक्त नाव लॅपटॉपवर ठेवलं जातं, आतला मजकूर सर्व्हरवर असतो. फाईलसमोरचं चिन्ह बघा. निळ्या रेषेचा ढग म्हणजे फाईल फक्त ऑनलाईन आहे. पांढऱ्या गोलात हिरवी टिकमार्क म्हणजे एकदा उघडल्यामुळे लॅपटॉपवर उतरली आहे, पण जागा कमी पडली तर विंडोज ती परत वर पाठवू शकतं. पूर्ण हिरव्या गोलात पांढरी टिकमार्क म्हणजे फाईल कायम लॅपटॉपवर राहणार. प्रवासाआधी हवं ते फोल्डर राईट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाईस' निवडलं की ही तिसरी अवस्था मिळते.

क्लाऊड वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. लॅपटॉप चोरीला गेला, पाण्यात पडला तर क्लाऊडच वाचवतो. पण क्लाऊड ही दुसरी प्रत असायला हवी. डीफॉल्ट सेटिंग बदललं की तीच पहिली प्रत होते, आणि कित्येकदा एकमेव. शिवाय वनड्राईव्हची मोफत जागा ५ जीबी. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर आपोआप तिकडे जायला लागले की ही जागा पटकन भरते आणि मग पैसे भरण्याचे मेसेज सुरू होतात. कंपनीने हा डीफॉल्ट का निवडला असावा, याचा अंदाज यातूनच येतो.

वर्डमध्ये हे बंद करता येतं. ऑप्शन्समध्ये सेव्ह या भागात नवीन फाईल क्लाऊडवर बनवण्याची खूण काढून टाका. आधी ठिकाण लॅपटॉपवरचं ठेवा, मग त्याची प्रत क्लाऊडला द्या.

जुना उपाय: पोर्टेबल सॉफ्टवेअर

फाईल जवळ असली तरी ती उघडणारं सॉफ्टवेअर पण लागतं. इथे पोर्टेबल सॉफ्टवेअर कामाला येतं. ही कल्पना नवीन नाही. २००४ च्या सुमारास पोर्टेबल फायरफॉक्स आला आणि त्यातूनच पुढे पोर्टेबलॲप्स हा मोठा संग्रह तयार झाला.

नेहमीचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ते आपल्या वस्तू घरभर पसरवतं. मुख्य फाईल्स प्रोग्रॅम फाईल्समध्ये, सेटिंग्ज रजिस्ट्रीत, बाकीचं ॲपडेटा फोल्डरमध्ये. म्हणून नुसतं फोल्डर कॉपी करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं तर ते बहुतेक वेळा चालत नाही. पोर्टेबल सॉफ्टवेअर मात्र सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवतं. डब्यासारखं समजा, भाजी-पोळी-चटणी सगळं एकात. फोल्डर पेन ड्राईव्हवर टाका, दुसऱ्या विंडोज लॅपटॉपला लावा, डबल क्लिक करा, झालं. बहुतेकांना ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही.

माझ्या पेन ड्राईव्हवर लिबरऑफिस, सुमात्रा पीडीएफ, व्हीएलसी, सेव्हन-झिप आणि कीपास हे पाच प्रोग्रॅम असतात. पाचही मोफत. एवढ्यात डॉक्युमेंट लिहिणं, पीडीएफ वाचणं, व्हिडिओ बघणं, फाईल लॉक करणं आणि पासवर्ड जपणं इतकी कामं होतात, नेट नसताना.

विंडोज १० वाल्यांना यात थोडा दिलासा आहे. लॅपटॉप जुना आहे, विंडोज ११ चढत नाही, नवा घ्यायला पैसे नाहीत, अशी परिस्थिती खूप विद्यार्थ्यांची आहे. असा लॅपटॉप सुरक्षा अपडेटशिवाय नेटला जोडणं धोक्याचंच. पण तो ऑफलाईन ठेवून त्यावर लिहायला, वाचायला पोर्टेबल सॉफ्टवेअर अजून बराच काळ चालेल.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण विनरारची बातमी परत आठवा. त्या भगदाडामुळे काय होत होतं? तुम्ही रार फाईल एका फोल्डरमध्ये उघडताय असं तुम्हाला वाटतं, पण आतली एक फाईल गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसते. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू झाला की ती आपोआप चालते. दुरुस्ती आली होती, पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. ज्याने जाऊन नवीन आवृत्ती उतरवली तोच वाचला.

पोर्टेबल सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा धोका हाच. ते पेन ड्राईव्हवर पडून असतं आणि बहुतेक वेळा त्याला कोणी अपडेट करत नाही. २०२२ मध्ये टाकलेलं फोल्डर आजही तसंच चालतं, त्यातल्या सगळ्या त्रुटींसकट. जी गोष्ट सोय आहे, तीच अडचण आहे.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. नेटवरून उतरवलेल्या फाईलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं, त्याला 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात. ती खूण असली की फाईल उघडताना 'हे धोक्याचं असू शकतं' अशी सूचना येते. ही खूण एनटीएफएस या फॉरमॅटमध्येच टिकते. बहुतेक पेन ड्राईव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट असतात. फाईल तिकडे कॉपी केली की खूण पुसली जाते आणि सूचनाही येत नाही. म्हणजे मित्राने पेन ड्राईव्हवर दिलेलं सॉफ्टवेअर मुकाट्याने चालतं, म्हणून ते सुरक्षित आहे असा अर्थ काढू नका. सॉफ्टवेअर नेहमी बनवणाऱ्याच्या मूळ साईटवरूनच घ्या. 'क्रॅक केलेलं पोर्टेबल फोटोशॉप' वगैरे टेलिग्रामवर फिरतं, त्याच्या वाटेलाही जाऊ नका.

तिसरा धोका परक्या कॉम्प्युटरचा. प्रिंटच्या दुकानात पेन ड्राईव्ह लावला आणि घरी आल्यावर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. त्या कॉम्प्युटरवर कीलॉगर असेल तर पोर्टेबल ब्राउझर वापरूनही उपयोग नाही, तुम्ही टाईप केलेलं सगळं तो टिपतो. म्हणून साधा नियम ठेवा: प्रिंटसाठी वेगळा, जवळपास रिकामा पेन ड्राईव्ह, त्यात फक्त हवी ती पीडीएफ. कामाचा पेन ड्राईव्ह फक्त स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या लॅपटॉपला. परक्या कॉम्प्युटरवर बँक आणि मेल उघडायचंच नाही.

पेन ड्राईव्ह घेताना आणि भरताना

फॉरमॅट बघा. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, मग जागा कितीही असो. एनटीएफएस पेन ड्राईव्ह मॅकबुकवर वाचता येतो, पण त्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि आताच्या लिनक्सवरही चालतो, म्हणून प्रवासासाठी तोच बरा.

हरवण्याची तयारी आधीच करा. आधारची प्रत, मार्कशीट, बँकेचं स्टेटमेंट उघडं ठेवू नका. सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड देऊन फाईल बनवली की ती एईएस-२५६ ने लॉक होते. फाईलची नावं लपवण्याचा पर्यायही त्यात आहे, तोही चालू करा. व्हेराक्रिप्ट जास्त सोयीचं आहे, पण परक्या कॉम्प्युटरवर ते पोर्टेबल चालवायला ॲडमिनचा अधिकार लागतो, आणि कॉलेज-ऑफिसच्या मशीनवर तो मिळत नाही.

आणि मुख्य म्हणजे पेन ड्राईव्ह हा बॅकअप नाही. तो हरवतो, तुटतो, कधी न सांगता बंद पडतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राईव्हवर, एक क्लाऊडवर. तीनपैकी दोन गेल्या तरी काम चालतं.

मराठी फाईलची वेगळी अडचण

हा मुद्दा इंग्रजी लेखांमध्ये सापडणार नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की सगळी अगम्य अक्षरं दिसतात. कारण त्या फाईलमध्ये मुळात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवलेले असतात. युनिकोडमध्ये टाईप केलं तर अक्षर हे अक्षरच राहतं, मग मंगल असो, निर्मला असो की नोटो सान्स, वाचता येतंच.

युनिकोडमध्येही फॉन्ट बदलला की ओळी सरकतात, पानं वाढतात. म्हणून द्यायची फाईल पीडीएफ करा. डॉक्युमेंटच द्यायचं असेल तर त्यात फॉन्ट एम्बेड करा: वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या सेव्ह भागात, लिबरऑफिसमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट या टॅबवर. पोर्टेबल फाईल म्हणायची ती हीच, जी कुठेही उघडली तरी तशीच दिसते.

निघण्याआधीची चावी

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. चोरीच्या दृष्टीने हे उत्तमच. पण बायोसमध्ये बदल झाला किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आता त्या अकाउंटचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह असेल तर? कुलूप लावून चावी आत विसरल्यासारखं होईल. ही की कागदावर लिहून घरी ठेवा किंवा घरच्या विश्वासू माणसाकडे द्या. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

मला काय वाटतं ते सरळ सांगतो. कंपन्यांनी क्लाऊड द्यावा, पण तो आपण मागितल्यावर. डीफॉल्ट बदलून आणि सुरक्षा अपडेटला बॅकअपची अट जोडून आपल्या फाईल्स हळूहळू तिकडे नेल्या जात आहेत, आणि ज्यांच्याकडे चोवीस तास चांगलं नेट नाही त्यांनाच याचा त्रास जास्त होतो. पोर्टेबल सॉफ्टवेअर हे त्यावरचं पूर्ण उत्तर नाही, त्याची देखभाल आपल्यालाच करावी लागते. पण निदान निर्णय आपल्या हातात राहतो.

पुढच्या प्रवासाच्या आदल्या रात्री एक चाचणी करा. लॅपटॉप एअरप्लेन मोडवर टाका, रिस्टार्ट करा आणि उद्या लागणाऱ्या सगळ्या फाईल्स एकेक करून उघडा. त्याच वेळी पेन ड्राईव्हवरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या कागदावर लिहा आणि नेट चालू केल्यावर मूळ साईटवरच्या आवृत्त्यांशी ताडून बघा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. जे उघडलं नाही ते घरीच कळेल, जिथे दुरुस्त करायला वायफाय आहे.