जीवदया खाते आणि निर्बीजीकरण शिबिरे



आपल्या संघांच्या जीवदया खात्यातील रक्कम परंपरेने पांजरपोळ, गोशाळा आणि पाखरांचे दाणापाणी यांसाठी खर्च होते. अलीकडे एक नवी मागणी विश्वस्तांपुढे येऊ लागली आहे. वस्तीतील भटकी कुत्री आणि मांजरे यांच्या निर्बीजीकरणाची शिबिरे काही पशुवैद्यक व स्वयंसेवक अल्प खर्चात घेतात आणि संघाने जागा किंवा द्रव्य द्यावे, अशी विनंती करतात. अशा वेळी बैठकीत दोन तट पडतात. एक पक्ष यास शुद्ध जीवदया म्हणतो, दुसऱ्यास हा उघड दोष वाटतो.

दुसऱ्या पक्षाची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अहिंसाणुव्रताचे बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध असे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. शिबिरात प्राण्याला पिंजऱ्यात ठेवतात, शस्त्रक्रियेपूर्वी काही तास उपाशी ठेवतात आणि शरीराचा छेद तर होतोच. म्हणजे पाचांपैकी तीन अतिचार वरकरणी तेथे दिसतात. शिवाय श्रावकास वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत निर्लांछन कर्म आहे. जनावरे खच्ची करणे, त्यांचे नाक-कान छेदणे हा व्यवसाय आपल्या पूर्वजांनी नाकारला, तो याच विचाराने.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि एका वेतात बहुधा चार ते सहा पिल्ले होतात. मांजर तर पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि वर्षातून दोन-तीन वेळा व्याते. या पिलांपैकी मोठा हिस्सा वर्षभरही जगत नाही. कोणी वाहनाखाली सापडते, कोणी पार्वो वा डिस्टेंपरने तडफडते, कोणी पहिल्याच पावसात दगावते. वारंवार विणारी आई हाडांचा सापळा होते. संख्या वाढली की चावे वाढतात, चावे वाढले की विषप्रयोग आणि काठ्या सुरू होतात. त्या वधाला आपण अनुमोदन देत नाही हे खरे. परंतु तो टाळण्याचा उपाय हाती असताना स्वस्थ बसणे हाही प्रमादच नव्हे काय?

शास्त्रकारांनी हिंसेच्या व्याख्येत प्रमत्त योगाला, म्हणजे कषाययुक्त व बेसावध वृत्तीला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. वैद्य गळू कापतो आणि मारेकरीही शस्त्र चालवतो. दोघांचा कर्मबंध सारखा मानला जात नाही. बैल खच्ची करण्यामागे त्याच्याकडून काम करून घेण्याचा लोभ असतो. शिबिरातील शस्त्रक्रियेतून कोणास नफा मिळत नाही. भूल दिल्यावर उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून उपाशी ठेवतात. शस्त्रक्रियेमुळे मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो आणि लवकर केल्यास स्तनांच्या गाठींचे प्रमाणही घटते. तरीही केवळ आपल्या गल्लीचा त्रास मिटावा, एवढाच हेतू धरून पैसे दिले तर ती जीवदया म्हणता येणार नाही. हेतू आपला आपण तपासावा.

एक प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे, तो गाभण मादीचा. तिच्यावरील शस्त्रक्रियेत गर्भातील जीव जातात. माझ्या मते संघाने साहाय्य देताना गाभण मादी वगळण्याची अट स्पष्टपणे घालावी आणि अंतिम निर्णय गुरुभगवंतांच्या मार्गदर्शनाने घ्यावा.

आपल्या समाजाचे या प्रश्नाशी नाते जुने आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारी आज्ञेने कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी बांधवांनी विरोध केला आणि जैन व हिंदू व्यापाऱ्यांनीही त्यांना साथ दिली. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. त्या पिढीने वध थांबवण्यासाठी आश्रय दिला. आजची रस्त्यावरची संख्या कोणत्याही पांजरपोळीत मावणारी नाही. जयपुरात 'हेल्प इन सफरिंग' या संस्थेने १९९४ पासून निर्बीजीकरण व लसीकरणाचे काम केले. २००२ अखेरपर्यंत सुमारे २५ हजार कुत्री हाताळली गेली, सुमारे ६५ टक्के माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या क्षेत्रात माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू शून्यावर आले. माणसांचेही प्राण वाचले, ही गोष्ट लहान नव्हे.

व्यापारी माणूस हिशेब पाहिल्याविना रक्कम देत नाही. येथेही देऊ नये. शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकच करतो काय? उपकरणे प्रत्येक प्राण्यासाठी निर्जंतुक केली जातात काय? वेदनाशामक औषध आणि नंतरच्या दिवसांची शुश्रूषा आहे काय? पिल्ले अंगावर पीत असलेली मादी सोडून दिली जाते काय? रेबीजची लस टोचून कानाला खूण केली जाते काय? किती प्राण्यांचे टाके उसवले आणि किती दगावले, हे लेखी मिळते काय? २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्र्याला जेथून उचलले तेथेच सोडावयाचे असते; ती नोंदही मागावी. महत्त्वाचे म्हणजे पैसा शहरभर विखरू नये. येथे चार, तेथे पाच कुत्री घेतल्याने जन्म थांबत नाहीत. एक पेठ वा एक वसाहत निवडून तेथील बहुतेक माद्या पूर्ण कराव्यात, मगच पुढची घ्यावी. रेबीज रोखण्यासाठी तर ७० टक्के कुत्र्यांना लस आवश्यक मानली जाते.

द्रव्य नसेल तरी देण्यासारखे पुष्कळ आहे. गोदामाची रिकामी खोली, टेम्पोची एक फेरी, पिंजऱ्यांसाठी जुनी चादर, रात्रीच्या देखरेखीसाठी घरातील दोन तरुण. रोज पोळी घालणाऱ्या आजींच्या हाती कुत्री निमूट येते, ती जाळ्याविना. तेवढा भयाचा क्षण तरी वाचतो. यंदाचे जीवदया खाते मांडताना विश्वस्तांनी या विषयावर एक बैठक जरूर घ्यावी, दोन्ही बाजू शांतपणे ऐकाव्यात आणि ठरेल ते संघाच्या वहीत लिहून ठेवावे.