रेनडिअर बघायला जाण्याआधी एकदा वाड्यावर जाऊन या

माझ्या मावसबहिणीचा मुलगा नॉर्वेत असतो. मागच्या थंडीत ती तिकडं गेली, तेव्हा त्यांनी ट्रॉम्सोजवळ एका दिवसाची सहल केली. घरच्या ग्रुपवर फोटो आले. गुडघाभर बर्फ, 'लाव्वू' नावाचा टोकदार तंबू, लाल-निळी 'गाक्ती' घातलेला, रेनडिअर पाळणाऱ्या सामी जमातीतला माणूस आणि त्याच्या रेनडिअरला हातानं चारा घालणारी आमची ताई. तंबूत शेकोटीभोवती बसवून त्यांना 'योइक' हे सामी गाणं ऐकवलं, गरम रस्सा पाजला. त्यावर आमच्या सगळ्या नातेवाइकांचं एकच म्हणणं : "किती भारी! आपल्याकडं असलं काही नाही बघा."

ग्रुपवर हे लिहिणाऱ्यांतला एक भाऊ मंगळवेढ्याच्या रस्त्यावर जमीन राखून आहे. त्याच आठवड्यात त्याच्या तुरीच्या मोकळ्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. मेंढरं किती होती ते मी सांगणार नाही. का, ते पुढं येईलच.

म्हणून ही विनंती, खास करून सोलापूर शहरातल्या मंडळींना. मार्गशीर्ष-पौषात तुम्ही हुरड्याला जाताच. आगटीभोवती बसता, गूळभेंडीची कणसं चोळून घेता, शेंगाचटणी खाता, रील काढता आणि परत येता. यंदा त्यातलाच एक दिवस काढा आणि पोरांना घेऊन एखाद्या वाड्यावर जाऊन या.

वाडा म्हटल्यावर चिरेबंदी भिंती डोळ्यांपुढं आल्या असतील तर त्या पुसा. मेंढक्यांचा वाडा म्हणजे दोन-चार कुटुंबं, त्यांची मेंढरं, थोडी शेरडं, सामान वाहायला घोडं, राखणीला कुत्री आणि कोकरं कोंडायला जाळीचं कुंपण. त्या जाळीला वाघर म्हणतात. सगळं बिऱ्हाड दोन-चार दिवसांत उचलून पुढच्या रानात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं 'बसवून' घेतो. रात्रभराच्या लेंडी-मुताचं खत त्याला मिळतं, आणि त्याबदली तो धान्य नाहीतर पैसे देतो. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि बसायला मोकळं रान कमी झालं. उसात मेंढरं कुठं बसवणार? तरी जिथं तूर-उडीद निघून रान मोकळं झालंय, जिथं माळ शिल्लक आहे, तिथं थंडीत वाडे दिसतात. शाळू निघाल्यावर, माघ-फाल्गुनात, आणखी दिसतात.

कधी जायचं? दुपारी अजिबात नको. दुपारी माणसं मेंढरांमागं रानात असतात, वाड्यावर बायका, म्हातारी माणसं आणि कोकरं. अनोळखी गडी मोटारसायकलवरून उतरून तिथं घुटमळू लागला तर बाईनं काय समजावं? जायचं ते दिवस मावळताना, तेही आधी रानमालकाकडून निरोप धाडून.

दिवस मावळतानाच का, तर कळप परत येतानाचा तो पाव तास काही और असतो. लांबून धुरळा दिसतो. आपल्याला आवाज यायच्या आधी वाघरीतली कोकरं कान टवकारतात आणि एकदम बें-बें सुरू करतात. तिकडून माया ओरडत येतात. वाड्यावरची अक्का वाघर उचलते आणि नुसता कल्ला होतो. सगळी काळी, सगळी एका आकाराची, आपल्या डोळ्याला सगळी सारखीच. मेंढी पहिल्या कोकराच्या शेपटीपाशी नाक नेते, हुंगते, ढुशी देऊन हाकलते. दुसऱ्याला हाकलते. तिसरं तिचं असतं. ते पुढचे गुडघे टेकून कासेला लागतं आणि शेपटी थरथरायला लागते. बघता बघता कल्ला ओसरतो, ज्याला त्याला आपापली आई सापडलेली असते. एखादं राहतं, ज्याची आई मेलेली असते. अक्का एका मेंढीचा पाय धरून ठेवते आणि ते पोरकं कोकरू तिला लावते. मेंढी धडपडते, अक्का सोडत नाही. तुमच्या पोरांना ट्रॉम्सोच्या कुठल्या तिकिटात हे मिळणार नाही.

तिथल्या आणि इथल्या भेटीत एक मोठा फरक आहे. सामी कुटुंबं ही सहल स्वतः चालवतात, त्याचे पैसे घेतात. कुठं उभं राहायचं, कशाला हात लावायचा नाही, हे तीच सांगतात. इथं तिकीट नाही. इथं तुम्ही पाहुणे, आणि धनगराच्या वाड्यावरचा पाहुणा चहा घेतल्याशिवाय सुटत नाही. पाहुण्याला नियम कोण सांगणार? म्हणून ते आपले आपण घेऊन जायचे.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी बार्शी रस्त्यावर एका वाड्यावर गेलो होतो, ओळखीनंच. अंधार पडला तसा मी मोबाइलची बॅटरी लावली आणि वाघरीतल्या कोकरांवर धरली, फोटोसाठी. कोकरं दचकून एका कोपऱ्यात एकावर एक चढली, बाहेरची मेंढरं उधळली, कुत्री सुटली. म्हातारी ओरडली, "अरं इजव त्ये! लांडगा आल्यागत करतंय!" दोघं गडी अर्धा तास अंधारात मेंढरं वळवत फिरले. एक कोकरू पायानं अधू झालं होतं. मी खिशात हात घातला तर म्हातारी म्हणाली, "पैसं नगं. म्होरल्या बारीला दिवसा ये." तेव्हापासून वाड्यावर माझा फोन खिशात असतो.

तर बॅटरी नको, फ्लॅश नको, ड्रोन तर नकोच नको. घरचं कुत्रं गाडीतसुद्धा नेऊ नका. गाडी रस्त्यावरच सोडा आणि लांबूनच हाक द्या, "ओ मामा, येऊ का?" कुत्री थांबवल्याशिवाय पाऊल पुढं टाकू नका, ती लांडग्याला भीत नाहीत, तुम्हाला काय भिणार. बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कोकरू हातात घ्यायचंय? अक्कानं दिलं तर घ्या. जाताना चहापत्ती, साखर, गूळ न्या. पोरांच्या हातात नोटा देऊ नका. "यातलं एक कापायला देता का?" हा विनोद त्यांनी हजारदा ऐकलेला असतो. आणि "तुमचं बरंय, मोकळं आयुष्य" असं चुकूनही म्हणू नका. दर दोन दिवसांनी चूल हलवणाऱ्या बाईला तुम्ही मोकळं म्हणता?

आता ते मेंढरं मोजण्याचं. सामी लोकांत, तुमच्याकडं रेनडिअर किती, हे विचारणं उद्धटपणा मानतात. बँकेत शिल्लक किती असं विचारल्यासारखंच ते. आपल्याकडं वेगळं काय आहे? कळप हीच धनगराची ठेव, तोच दागिना. लग्नाला, दवाखान्याला त्यातूनच निघतं. तरी शहरातला माणूस उतरला की पहिला प्रश्न, "किती हायेत ओ?" त्यापेक्षा विचारा, म्होरला मुक्काम कुठं? पाणी कुठं लागतं? ही मेंढी कुठल्या वाणाची? मग बघा कसं बोलतात.

वाणावरनं पुष्कळ कळतं. काळी, आखूड अंगाची ती दख्खनी. तिच्यातल्याच एका प्रकाराला सोलापुरी, म्हणजे सांगोल्याकडची, म्हणतात. उंच, पांढरी, अंगावर तपकिरी ठिगळं आणि पोपटासारखं बाकदार नाक असलेली ती माडग्याळ, जत तालुक्यातल्या माडग्याळ गावची. माडग्याळ लवकर भरते, बाजारात पैसा देते, पण तिच्या अंगावर लोकर जवळपास नाहीच. लोकर देणारी काळी, आणि तिला गिऱ्हाईक नाही. हल्ली लोकर विकून पैसे यायचे सोडून कातरणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात, आणि कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. शास्त्र बाजूला ठेवून बाजार बघायचा असेल तर रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात एक चक्कर मारा.

यातूनच घोंगडीचा विषय निघतो, आणि इथं तुमचा पैसा खरोखर उपयोगी पडेल. सोलापूरच्या चादरीला 2005 पासून भौगोलिक मानांकन आहे, तिचं कौतुक आपण करतो ते बरोबरच. पण चादर पावसात भिजते. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढका आख्खा पाऊस रानात काढतो. लोकर पिंजायची, सूत कातायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, मग खड्ड्याच्या मागावर विणायचं. हे काम सनगर आणि खुटेकर मंडळींचं, आणि मागावर बसणारी माणसं आता थोडी उरलीत. विकत घेताना एक धागा काढून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून टोकाला गोळी झाली तर प्लॅस्टिक, विकणारा काही का म्हणेना. खरी घोंगडी टोचते. टोचते म्हणून परत करू नका, खाली चादर घाला.

आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. वाड्याचं ठिकाण फोनवरून जगाला कळवू नका. रात्री गाडी लावून मेंढरं पळवणाऱ्या टोळ्या आहेत. तुमच्या रीलवरचा ठिकाणाचा शिक्का त्यांच्या कामाचा. शिवाय नान्नजच्या बाजूला वनखात्याच्या जमिनी आहेत. माळढोकासाठी 1979 साली तिथं अभयारण्य झालं, आणि चराईवर बंधनं आली. तुमच्या फोटोमुळं एखाद्या मेंढक्याला दंड बसायला नको. अभयारण्यात तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर वनखात्याची रीतसर परवानगी काढा, ती वेगळी सहल.

जमिनीचा हा तंटा सामींनाही चुकला नाही. नॉर्वेत फोसेनला त्यांच्या चराईच्या भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचे परवाने अवैध आहेत, सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग झाला आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑक्टोबर 2021 रोजी दिला. चक्क्या मात्र निकालानंतरही उभ्याच राहिल्या. ही गोष्ट वाड्यावर सांगून बघा. मी सांगितली तेव्हा मामांनी दोनच प्रश्न विचारले : बरफात ती चरत्यात काय? आणि, कोर्टात गेलं कोण? पहिल्याचं उत्तर मला येत होतं, बर्फ खुरानं उकरून खालचं दगडफूल खातात.

जाण्याआधी घरात 'बनगरवाडी' वाचून काढा. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, पण माणदेशातला तो माळ सांगोल्याच्या शेजारचाच. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक हायडेलबर्गहून येऊन धनगरांच्या ओव्या, बिरोबा-खंडोबाच्या कथा गोळा करत वर्षानुवर्षं हिंडला. आपल्याला विजापूर रोडवरनं तासाभराचं अंतर जड होतं.

तरीही थंडीत जमलंच नाही, तर दिवाळीची अमावास्या राखून ठेवा आणि मंगळवेढा तालुक्यातलं हुलजंती गाठा. महालिंगरायाची यात्रा असते. त्या रात्री शंकर-पार्वती देवळाच्या शिखराला मुंडासं बांधून जातात अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या दिवशी पालख्यांची भेट होते, ढोल घुमतात, भंडारा आणि लोकर उधळतात. मराठी बोलणारे धनगर आणि कन्नड बोलणारे कुरुब एकाच गर्दीत असतात, कुणाचा बिरोबा, कुणाचा बीरप्पा. पांढरे कपडे घालून जाऊ नका, भंडारा धुण्यानं निघत नाही. गाडी गावाबाहेर बरीच लांब लावा, आणि परतीच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली तर हॉर्न न वाजवता इंजिन बंद करून थांबा.