अज्ञात ग्रह कोणाला अज्ञात?

पंधरा ते अठरा या वयातील मुलेमुली इंग्रजीतून जे वाङ्मय आवडीने वाचतात, त्यात एक साचा वारंवार आढळतो. अंतराळयान कोसळते, हजारो प्रवाशांतून एक तरुण आणि एक तरुणी एवढीच वाचतात. पायाखाली अनोळखी ग्रह असतो, खावयाचे काय नि प्यावयाचे काय हे ठाऊक नसते, आणि ज्याचे तोंडही पाहू नये असे वाटत होते त्याच्यावाचून जगता येणार नाही, हे दोघांनाही हळूहळू उमगते. एमी कॉफमन आणि मीगन स्पूनर या लेखिकांची २०१३ सालची 'दीज ब्रोकन स्टार्स' ही कादंबरी या साच्याचा चांगला नमुना होय. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ साली, रॉबर्ट हाइनलाइन यांनी 'टनेल इन द स्काय'मध्ये विद्यार्थ्यांना जगून दाखविण्याच्या परीक्षेसाठी परक्या ग्रहावर पाठविले होते आणि त्यांची परतीची वाट बंद करून टाकली होती.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा या वाङ्मयाविषयीचा अभिप्राय ठरलेला आहे. प्रेम आहे म्हणून ते सवंग आणि परग्रह आहे म्हणून निरुपयोगी! हा अभिप्राय आम्हांस मान्य नाही. आईबापांनी वाढून ठेवलेले ताट समोर नसेल तेव्हा कसे जगावे आणि विश्वास कोणावर टाकावा, हे प्रश्न त्या वयाचे सर्वांत खरे प्रश्न आहेत. दूरच्या गावाहून प्रथमच वसतिगृहात राहावयास आलेल्या मुलीला पहिले काही आठवडे परग्रहासारखेच असतात. आमची तक्रार वेगळी आहे. ही कथा मराठीत का लिहिली जात नाही, आणि लिहावयाची झाल्यास तिला जमीन कोठली द्यावी, याचा विचारच आपल्याकडे झालेला नाही. ती जमीन चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

मराठीला विज्ञानकथा नवी नाही. भा. रा. भागवत यांनी जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हे दालन समृद्ध केले. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले, तेव्हा या प्रकाराला मिळालेल्या प्रतिष्ठेवर शिक्कामोर्तब झाले. मे २०२५ मध्ये नारळीकर निवर्तले. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या कथांचा नायक बहुधा शास्त्रज्ञ असतो, घटनास्थळ प्रयोगशाळा किंवा महानगर असते आणि पेच सोडवितात ती प्रौढ माणसे. त्या कथांचे ते वैगुण्य नव्हे. त्यांचा हेतूच निराळा होता. परंतु 'फास्टर फेणे' वाचून झालेला मुलगा आणि प्रौढ कादंबरीपर्यंत न पोहोचलेली मुलगी, यांच्यासाठी मराठीचे फडताळ जवळजवळ रिकामे राहिले.

विज्ञानाने मात्र त्या कथेची तयारी करून ठेवली आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह १९९५ साली सापडला आणि २०२५ मध्ये अशा ज्ञात ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या उपक्रमात भारताने एका ताऱ्याला, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ, 'बिभा' आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस' अशी नावे दिली. ग्रहाचे बारसे आपण करून बसलो, पण त्यावर उतरणारी माणसे अद्याप आपल्या भाषेत जन्मावयाची आहेत.

ती जन्मतील तेव्हा इंग्रजी साच्यातील एक दोष मात्र त्यांनी टाळला पाहिजे. या साच्याचे मूळ १७१९ सालच्या 'रॉबिन्सन क्रूसो'त आहे. बेटावर आलेल्या गोऱ्या माणसाला ते बेट आपले वाटते आणि तेथे भेटणारा माणूस चाकर वाटतो. बेटाच्या जागी ग्रह आला तरी ही दृष्टी पुष्कळदा तशीच राहते. उतरणाऱ्याला जे ठाऊक नाही ते अज्ञात, आणि जे अज्ञात ते रिकामे व बिनमालकीचे! गडचिरोलीच्या वाचकाला हा हिशेब कथेत वाचण्याची गरज नाही. तो त्याने अनुभवलेला आहे. मुंबई-पुण्याहून पाहिले की दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाखाली असलेला हा जिल्हा परग्रहच वाटतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संबंध तुटतो, ही वर्तमानपत्रात दरवर्षीची दोन ओळींची बातमी असते. 'दुर्गम' हा शब्द आपण किती सहज वापरतो! जो तेथेच राहतो त्याला तो मुलूख दुर्गम नसतो; दुर्गम असते ती राजधानी.

वस्तुतः परग्रह पाहावयाचा असेल तर सिरोंच्याला जावे. प्राणहिता जेथे गोदावरीस मिळते त्या परिसरातील कोटा या गावाचे नाव भूशास्त्रज्ञांनी एका खडकमालेला दिले आहे. तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान असून तेथे डायनासोरांचे अवशेष आणि दगड झालेले वृक्ष आढळले आहेत. याच खडकांत, नदीपलीकडच्या आताच्या तेलंगणात, एका महाकाय शाकाहारी डायनासोराच्या अस्थी सापडल्या. १९७५ साली त्याला 'बारापासॉरस टागोरी' असे रवींद्रनाथांचे स्मरण ठेवणारे नाव मिळाले, आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर एकही फूल नव्हते, गवताचे पाते नव्हते आणि एकही ओळखीचे फळ नव्हते. आजचा माणूस तेथे उतरता तर पहिल्याच सायंकाळी उपाशी झोपता. पृथ्वी स्वतःच एकेकाळी अज्ञात ग्रह होती, हे शिकविणारा याहून चांगला धडा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

परक्या जगात उतरलेल्या तरुण जोडप्याची खरी कथाही याच जंगलात घडली आहे. १९७३ च्या अखेरीस बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि नुकताच संसार मांडलेले प्रकाश व मंदाकिनी आमटे हे दोघे डॉक्टर तेथे राहावयास गेले. वीज नव्हती, पावसाळ्यात वाट नव्हती, आणि ज्यांच्यासाठी जावयाचे त्या माडियांची भाषा येत नव्हती. औषधाची पेटी उघडण्यापूर्वी त्यांना ती भाषा शिकावी लागली, कारण दुखणे सांगणारा शब्दच कळला नाही तर वैद्याचे ज्ञान काय कामाचे? २००८ साली या दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कथेतील प्रेम चांदण्यातल्या संवादांत शोधून सापडणार नाही. एकाने शस्त्रक्रिया करावी आणि दुसऱ्याने कंदील धरावा, अशा कामात ते असते. तरुणांच्या कादंबरीला प्रेमाची याहून वेगळी व्याख्या कशाला हवी?

तथापि येथेच थांबलो तर आपणही क्रूसोच्याच बेटावर राहू, कारण या कथेत बाहेरून आलेले दोघे नायक आणि तेथले लोक पार्श्वभूमी असे होऊन बसेल. तेव्हा दुसरे उदाहरण घेतले पाहिजे. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. श्वास मोजण्याचे साधे साधन आणि बाळास ऊब देणारी पिशवी घेऊन या आरोग्यदूत घरोघर गेल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्याची नोंद जगापुढे ठेवली. मोजणे, नोंद ठेवणे, थंडी आणि श्वास यांच्याशी झुंजणे: तगून राहण्याचे शास्त्र याहून वेगळे काय असते? ही नायिका आयतीच उभी आहे. तिला अंतराळयानात बसविणारा लेखक तेवढा हवा.

म्हणून आमच्या डोळ्यांपुढील कादंबरीत एटापल्लीकडची एक मुलगी आणि बल्लारपुराकडचा खाणकामगाराचा एक मुलगा आहे. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. त्यांची मुले आज एकमेकांना ओळखत नाहीत. मुलीच्या आकाशात मृगाचा नांगर आहे आणि सप्तर्षींची खाट आहे, कारण गोंडांचे आकाश तसे आहे. नव्या ग्रहावर तो नांगर दिसणार नाही आणि तिला ताऱ्यांची नावे नव्याने ठेवावी लागतील. फळ सुंदर दिसते म्हणून ती तोंडात घालणार नाही; आधी ते कोण खाते हे पाहील. मुलाला विषारी वायूची, हवा खेळती ठेवण्याची आणि बंद पडलेल्या पंपाची जाण आहे. रानात वाढलेले मूल उपजत ज्ञानी असते, असला भाबडेपणा लेखकाने करू नये. तिचे ज्ञान त्या ग्रहावर अनेकदा चुकेल, त्याचेही चुकेल, आणि चुकल्यावर तपासून पाहण्याची सवय दोघे एकमेकांकडून शिकतील. त्यांच्यातील खरा तंटा मात्र जमीन खणावी की नाही यावर होईल. त्याच्या घरची चूल खाणीवर पेटली आहे आणि तिच्या घरची मोहफुले व तेंदूपाने यांवर. परस्परांवर प्रेम जडले म्हणून हा तंटा मिटत नाही. तो प्रामाणिकपणे अखेरपर्यंत नेणे हीच लेखकाची कसोटी ठरेल.

कोणी म्हणेल, ज्या मुलांना नोकरीची आणि परीक्षेची विवंचना आहे, त्यांना परग्रहाच्या प्रेमकथा कशाला? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. या जंगलातील तरुणांना कित्येक दशके भविष्याची एक कथा बंदुकीने सांगितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि ती कथा ओसरू लागल्याचे स्पष्ट झाले. दुसरी कथा सुरजागडच्या लोहखनिजाची आहे. तिच्यात रोजगार आहे आणि भयही आहे. दोन्ही कथा इतरांनी लिहिल्या आणि येथल्या मुलांना त्यांत पात्रे म्हणून घेतले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट चालवून, सर्वांच्या संमतीने निर्णय घेऊन, वनहक्क कायद्याखाली २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, तेव्हा एका गावाने आपले भविष्य स्वतः लिहिता येते हे दाखवून दिले. सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या भविष्याची कल्पना करण्याचा असाच सराव लागतो, आणि तो सराव देणे हे कादंबरीचे काम आहे.

यासाठी फार मोठ्या योजना नकोत. ज्या विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून नारळीकर पुढे आले, तिने किशोरवयीनांसाठी आणि वनजिल्ह्यांतील नव्या लेखकांसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवावे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने विज्ञानाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून वडधमला न्यावे आणि लिहिते करावे. प्रकाशकांनी माडिया व गोंडी शब्द अडतात म्हणून गाळू नयेत. परक्या ग्रहाचे शब्द वाचक सहज गिळतो, तर शेजारच्या जिल्ह्याचे का नाही? आणि आश्रमशाळांच्या कपाटांत ही पुस्तके कुलपाबाहेर असावीत. चंद्रपुराने १९७९ आणि २०१२ अशी दोनदा साहित्य संमेलने भरवून मराठी लेखकांचा पाहुणचार केला आहे. आता या मुलखातील मुलांनी लिहावे आणि त्यांच्या अज्ञात ग्रहावर पाहुणे म्हणून जाण्याची पाळी उरलेल्या महाराष्ट्राची असावी.